सहा हातांचा सां मिगेल

देवदूताला हात किती असतात, हा प्रश्न मला कोणी तोंडी विचारला असता तर मी दोन म्हणालो असतो. पण मला तो भिंतीवर सोडवावा लागला, आणि तिथे माझं उत्तर सहा आलं. पाच हातांत पाच तलवारी, सहाव्यात तराजू. भिंत कपेलाची, म्हणजे ख्रिस्ती वाड्यावरच्या छोट्या प्रार्थनाघराची. काढणारा मी, पेडण्याचा हिंदू पेंटर. आणि दिवस ते, गोवा घटक राज्य व्हायच्या जरा आधीचे, जेव्हा दोन माणसं तिठ्यावर भेटली की आधी मराठी की कोंकणी ते विचारत आणि उत्तर जुळलं तरच चहा पीत.

धंद्याबद्दल लिहायचं तर नाटकाच्या पडद्यांवर लिहावं, देवळांच्या भिंतींवर लिहावं, दुकानांच्या पाट्यांवर लिहावं. आमच्याकडचा पेंटर हे सगळं करतो. पण लोक मला विचारतात ते त्या एका भिंतीबद्दल. विचारलं की मी अजून आधी कान पकडतो आणि मग मलाच हसू फुटतं.

मी स्वभावाने अपराधी माणूस आहे. पाव विकणाऱ्या पदेराने चुकून एक उंडा, म्हणजे गोल पाव, जास्त दिला तर मी तो परत करायला त्याच्या सायकलीमागे धावतो. कुठल्या पाटीवरचं अक्षर जरा कललं असेल तर त्या दुकानासमोरून जाताना मान खाली घालतो. या स्वभावाचा दुसरा भाग असा, की मला कोणाला नाही म्हणता येत नाही. नाही म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडतो, आणि तो पडलेला चेहरा मग माझ्याबरोबर जेवायला बसतो. म्हणून मी हो म्हणतो.

ते काम मला मिळालं एका ट्रकमुळे. शिरगावचे एक खनिजवाले ट्रकमालक होते. त्यांना ट्रकच्या एका फळीवर मोगऱ्याच्या माळांतला लईराई देवीचा कळस हवा होता आणि दुसऱ्या फळीवर म्हापशाची मिलाग्र सायबीण, म्हणजे मेरी माता. आमच्याकडे या दोघी बहिणी, तेव्हा त्यात नवल काही नव्हतं. मी रंगवून दिलं. दोन दिवसांनी ट्रक परत दारात.

"दत्तू, दोगी भैणी, आनी मदीं इतलो व्हडलो ट्रक. एकमेकींक दिसतली कशी?"

"शेट, देवीचो तो कळस. कळसाक दोळे खंय?"

"नात म्हण तुका कोणें सांगलें?"

मी निमूट दोघींना ट्रकच्या कपाळावर समोरासमोर आणून बसवलं. पुढे हा ट्रक फेरीबोटीच्या रांगेत उभा असताना मागच्या गाडीतून एक जाडजूड पाद्री खाली उतरले, ट्रकला प्रदक्षिणा घालून आले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "हें काडपी कोण?" ते आमच्या शेजारच्या वाड्याचे पाद्री सेबास्त्यांव. त्यांच्या कपेलाचा धनी सां मिगेल, सैतानाला पायाखाली घालणारा तलवारवाला देवदूत. वेदीमागची भिंत कोरी होती. फेस्त, म्हणजे सां मिगेलचा वार्षिक सण, जवळ आलं होतं. त्यांनी विचारलं, करशील? मी अर्थातच हो म्हटलं.

आता थोडं कामाबद्दल, कारण पुढचा सगळा घोळ त्यातून झाला. एवढं मोठं चित्र कोणी थेट भिंतीवर काढत नाही. आधी ते कागदावर भिंतीच्याच मापाचं काढायचं. मग रेषेवरून सुईने जवळजवळ भोकं पाडत जायचं. याला आम्ही खाका म्हणतो. खाका भिंतीला लावायचा आणि कोळशाची पूड बांधलेली कापडाची पुरचुंडी त्यावर हलकेच आपटत जायची. कागद काढला की भिंतीवर टिपक्याटिपक्यांचं चित्र उभं. पटलं तर रंगवायचं, नाही पटलं तर फडक्याने झटकायचं. नाटकाच्या पडद्यावर मी नेहमी तसंच करतो. दोनतीन खाके एकावर एक मारतो, लांब जाऊन बघतो, नको ते झटकून टाकतो.

भोकं पाडण्याचं काम कंटाळवाणं. ते माझ्यासाठी सुलभा करायची. सुलभा म्हणजे मराठी शाळेच्या मास्तरांची मुलगी. आमचं लग्न ठरत आलं होतं, पण ते पक्कं करणारा नारळ मास्तरांनी अजून दिलेला नव्हता. त्यामुळे भेटायची सोय नव्हती. मी कागद माझ्या बहिणीच्या घरी ठेवायचो, सुलभा तिथे भरतकामाच्या निमित्ताने यायची आणि टोचून जायची. मास्तरांना वाटायचं मुलगी उशांचे अभ्रे करते आहे. ती सां मिगेलचे पंख करत होती. परत आलेल्या कागदावर एखादं भोक रेषेबाहेर दिसलं की ते तिने मुद्दाम पाडलं असेल काय, या विचारात माझा अख्खा दिवस गोड जायचा.

तलवार कशी धरायची हे मला माहीत नव्हतं. माझ्या हाताला सवय दशावताराची. मी काढलेला पहिला देवदूत एका पायावर उभा राहून डोळे वटारत होता. पाद्री बाबांनी तो बघितला, पोट धरून हसले आणि स्वतःच छत्री उचलून कपेलाच्या ओसरीवर उभे राहिले.

"पळय दत्तू. तलवार वयर, म्हणजे झूज चालू आसा." छत्री आभाळाकडे. "आडवी, म्हणजे थांब, फुडें येवं नाका." छत्री माझ्या नाकासमोर. "पेटती तलवार ती वैकुंठाच्या दारावयल्या राखणदाराची. आदांव आनी एव्ह परत येवपाक फावना. आनी टोक सकयल," त्यांनी छत्री जमिनीला टेकली, "म्हणजे राग सोंपलो. रोग गेलो, लोकांनी घरा वचचें."

"आणि बाबा, तराजू?"

"तो जीव जोखपाक. तुजें पातक किती तें पळोवपाक."

मी लगेच तराजू जरा लहान काढला.

हे चालू असताना समोरून पेडण्याची बस गेली. बसमधल्या लोकांनी पाद्रीला छत्री परजताना पाहिलं, समोर मला हात जोडून उभं पाहिलं. संध्याकाळपर्यंत गावात बातमी पोचली की पाद्री मराठीवाल्यांना छत्रीने बडवतात.

इथवर सगळं ठीक होतं. पण मला सवय अशी की पडद्याचं कच्चं चित्र आधी नाटकमंडळींना दाखवायचं. त्या सवयीने मी तलवारीचे वेगवेगळे कच्चे कागद कपेलाच्या ओसरीवर दोरीला टांगले. ज्या दिवसांत लोक बसच्या पाटीतही राजकारण वाचत होते, त्या दिवसांत मी रस्त्यावर पाच दिशांना रोखलेल्या तलवारी टांगल्या.

जागा ध्यानात घ्या. वेदीकडे तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताला आमचा वाडा आणि मराठी शाळा. उजव्या हाताला पणजीचा रस्ता, आणि रस्त्यावर आंतोन नावाच्या तरुणाचा आणि त्याच्या दोस्तांचा क्लब, जिथे कोंकणीच्या घोषणा रंगायच्या. म्हणजे आडवी तलवार कुठेही वळवली तरी ती कोणावर तरी येत होती.

पहिले आले मास्तर. मास्तर मराठीचे कट्टर, सभांतून अस्खलित बोलायचे, पण तापले की त्यांच्या तोंडून आमची घरची बोलीच बाहेर पडायची.

"दत्ताराम, हें टोक म्हज्या शाळेर आसा."

"मास्तर, ते अजून कच्चं..."

"कच्चें जांव पिकें जांव. फेस्ताच्या दिसा तलवार शाळेर दिसली, जाल्यार सोयरीक विसर. नारळ म्हज्या घरांत आसा, तो चटणीक वापरीन."

"उजवीकडे करतो मास्तर."

मास्तर गेले तोच आंतोन आला. आंतोन मास्तरांचाच विद्यार्थी. कोंकणीच्या घोषणा तो इतक्या वळणदार अक्षरात लिही की मास्तर चिडून वाचायला थांबायचे आणि अक्षर बघून गप्प होऊन पुढे जायचे. ते अक्षर त्यांनीच घोटवून घेतलं होतं.

"दत्तू, उजवेकडेन आमी आसात. सां मिगेल आमचो, कपेल आमचें, आनी तलवार आमचेरच?"

"डावीकडे करतो आंतोन."

मग कपेल झाडणारी रोझालीन माय. तिच्या घरच्या तसबिरीतली तलवार पेटती होती, तेव्हा इथेही ती पेटतीच हवी. हो. पाद्री बाबांना सैतानाशी झुंज हवी, तेव्हा तलवार वर. हो. आणि शेवटी भिंत घालणारे पास्कू मेस्त. त्यांनी विडी ओढत एवढंच सांगितलं, "टोक सकयल घाल." का म्हणून विचारलं तर म्हणाले, "माका तशें बरें दिसता." हो.

पाच तलवारी कबूल करून मी बहिणीकडे पाच हातांचे कागद ठेवले. परत आले तेव्हा सगळे नीट टोचलेले होते, पण सोबत निरोप होता. बहीण म्हणाली, "सुलभा विचारता, ह्या माणसाक हात कितले, आनी तूं लग्नांत कोणाक किते कबूल करतलो?"

आता तो दिवस. पास्कू मेस्तनी सकाळी भिंतीवर चुन्याचा शेवटचा गुळगुळीत थर ओढला. जुन्या पद्धतीचा, महिनोन्‌महिने भिजवून मुरवलेला चुना. मला म्हणाले, "दत्तू, चुनो ओलो आसा. आज मारशी तें थंयच रावतलें. एकच खाको मार, बरो विचार करून." मी हो म्हटलं. हो म्हणायची मला इतकी सवय की मी ऐकतो काय ते पुष्कळदा कळतच नाही. मेस्त चहा प्यायला गेले.

मी अंगाचा खाका मारला. पंख उठले, पायाखालचा सैतान उठला, तराजूचा हात उठला. मग तलवारीचा हात. कुठला? मास्तरांचा मारावा तर आंतोनचा चेहरा डोळ्यासमोर. आंतोनचा मारावा तर चटणीतला नारळ. म्हटलं, सगळे मारून बघू, लांबून कुठला शोभतो ते कळेल, बाकीचे झटकून टाकू. पडद्याची सवय. मारले. दारापर्यंत मागे गेलो. पुढे आलो, फडकं घेतलं, पहिली तलवार झटकली.

गेली नाही. पुन्हा झटकली. टिपके तसेच. ओल्या चुन्याने कोळसा गिळून टाकला होता.

त्या क्षणी मला मेस्तांचं वाक्य पहिल्यांदा ऐकू आलं.

कागदावरचा कोळसा आम्ही उंड्याच्या आतल्या मऊ भागाने पुसतो, तो छान टिपून घेतो. पाद्री बाबांनी चहाबरोबर गरम उंडे पाठवले होते. मी एक फोडला आणि घासू लागलो. गरम पाव, ओला चुना. पाव भिंतीलाच चिकटला. काढायला गेलो तर आणखी पसरला. थोड्या वेळात सां मिगेलच्या पाचही मनगटांवर पावाचे गोळे लोंबत होते, आणि बाहेरून एक कोंबडी आत येऊन त्यांच्याकडे आशेने बघत होती.

तेवढ्यात रोझालीन माय झाडू घेऊन आली. भिंतीकडे बघितलं. "जेजू!" म्हणाली, झाडू टाकला आणि धावत जाऊन कपेलाची घंटा वाजवली. अवेळी घंटा म्हणजे कोणीतरी गेलं किंवा आग लागली. दोन्ही वाड्यांतून लोक धावत सुटले. पाद्री बाबा अर्धी दाढी करून, अर्ध्या गालावर साबण घेऊन आले. आंतोनच्या क्लबातली पोरं आली. आमच्या वाड्यावरच्या बायका घागरी भरून आल्या, त्यांच्यामागे शाळा तशीच सोडून मास्तर, आणि मास्तरांमागे सुलभा.

सगळे आत शिरले. भिंतीवर सहा हात पसरून सां मिगेल उभा होता. मी वेदीच्या पायरीवर बसून होतो, हातात अर्धा उंडा.

आमच्या वाड्यावरची एक म्हातारी हळूच पुढे आली. तिने घागर खाली ठेवली, केसातली आबोलीची वेणी काढली आणि भिंतीखाली ठेवून हात जोडले. "आमचीच गो ही," ती मागच्या बायकांना म्हणाली. "पंख तेवढे नवे."

"ना गो," रोझालीन माय तिच्या शेजारी उभी राहून म्हणाली, "आमचोच. इतले दिस एका हातान काम करतालो, आतां आदार मेळ्ळो."

कोणीतरी मागे खुदकन हसलं. मी वर बघितलं. मास्तर काठी घेऊन भिंतीजवळ गेले होते. परीक्षेचा पेपर तपासावा तशी एकेक तलवार बघत होते.

"आंतोन," ते मागे न वळता म्हणाले.

"हय मास्तर." आंतोन शाळेतल्यासारखा पुढे झाला.

"तुका खंयची कबूल केल्ली?"

"डावी, मास्तर. शाळेवयली." आंतोन लाजला. "आनी तुमकां?"

"उजवी. तुज्या क्लबावयली."

दोघांनी एकदम माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा भिंतीकडे. डावीकडे एक हात, उजवीकडे एक हात, मध्ये गंभीर चेहरा.

"मास्तर," आंतोन म्हणाला, "हो म्हापशेच्या तिठ्यावयलो पोलीस कसो दिसता न्हय?"

मास्तर कधी हसत नसत. शाळेत त्यांच्या हसण्यावर पोरं पैजा मारायची आणि हरायची. त्यांनी ओठ आवळले. मिशी थरथरली. मग त्या कोंबडीने उडी मारून सैतानाच्या डोक्यावर ओघळून चिकटलेला पाव उचलला, आणि मास्तर फुटले. काठी टाकून, बाजूच्या भिंतीला हात टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग आंतोन, मग पाद्री बाबा, साबणाचे फुगे उडवत. मग सगळं कपेल. हसता हसता मास्तरांना ठसका लागला, तेव्हा आंतोनने त्यांची पाठ चोळली. मी एकटा रडकुंडीला आलो होतो, कारण एवढ्या माणसांत सुलभा कुठे दिसेना. मग दिसली. ती पंखाजवळ उभी होती आणि पदरात तोंड खुपसून हसत होती.

"बाबा," ती मास्तरांना म्हणाली, "हे हात मीच टोचले. बोटं अजून दुखतात."

मास्तरांनी हसणं थांबवलं. आता चटणी, मी मनात म्हटलं.

"तूंवें? उशांचे अभ्रे म्हणून?"

"होय बाबा."

मास्तर पुन्हा भिंतीजवळ गेले. चश्मा वर करून टिपके जवळून पाहिले. "टांका बरो एकसारखो आसा," असं म्हणून त्यांनी काठी उचलली.

प्रश्न तरी उरलाच होता. फेस्ताला सहा हात ठेवता येत नव्हते. कुठला रंगवायचा? पुन्हा कुजबुज सुरू होणार, तोच चहा संपवून पास्कू मेस्त आले. त्यांनी भिंत बघितली, कपाळाला हात लावला, मला दोन अशा शिव्या दिल्या ज्या दिवाळी अंकात लिहिता येत नाहीत, आणि म्हणाले, "सुकूं दी. वयल्यान चुन्याचो पातळ लेप मारतां. मागीर सकयल टोक आसा तेंच रंगय."

"पाद्री बाबा, तुम्हांला वर हवी होती," मी म्हटलं.

पाद्री बाबांनी गालावरचा साबण पुसला. त्यांनी मघाशी मास्तरांची पाठ चोळणाऱ्या आंतोनकडे बघितलं. "सकयल बरी," ते म्हणाले. "राग सोंपलो."

सगळ्यांना ते पटलं. रोझालीन मायने पात्याच्या टोकाला एक ठिणगी तेवढी मागून घेतली. मी उरलेले दिवस खाली टेकलेली तलवार रंगवली. दमलेला माणूस पहारीवर टेकून उभा राहतो तसा सां मिगेल तिच्यावर टेकून उभा आहे. फेस्ताला दोन्ही वाडे आले. पंधरवड्याने मास्तरांनी नारळ दिला.

पुढे बाहेरून लोक ते चित्र बघायला येऊ लागले. खाली टेकलेली तलवार म्हणजे दोन भाषांमधली शांती, असं काही सुशिक्षित मंडळी मला समजावून सांगतात. मी ओशाळतो. कारण पास्कू मेस्तांना मी नंतर पुन्हा विचारलं होतं, टोक खालीच का? ते म्हणाले, "थंय भिंतीक चीर आसली. तलवार उबी ताचेर येता, कोणाक दिसना." शांतीखाली चीर आहे, हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. आता सांगितलं, तरी कृपया कोणी खरवडून बघू नये.

बाकीच्या हातांचं मात्र लपलं नाही. पातळ चुना सुका असला की पांढरा दिसतो आणि ओलावला की आरपार होतो, हे मला कळलं ते पहिल्याच पावसाळ्यात. आषाढात भिंतीला ओल आली आणि पाद्री बाबांनी पदेराबरोबर निरोप धाडला, "दत्तूक सांग, हात आयले." धावत गेलो. टिपक्यांच्या चारही तलवारी हळूहळू वर आल्या होत्या. गणपती होऊन उन्हं पडली तसे ते हात पुन्हा आत गेले. तेव्हापासून दर पावसाळ्यात येतात.

पाद्री सेबास्त्यांव आता दुसऱ्या गावी आहेत. पास्कू मेस्त नाहीत. पण ओल आली की सुलभा आणि मी मास्तरांना घेऊन कपेलात जातो. आंतोन आधीच येऊन बसलेला असतो. त्याची पोरं इंग्रजी शाळेत जातात, मास्तरांची नातवंडंही, आणि त्यावर दोघे एकमेकांना टोमणे मारतात, कोंकणीत. मग दोघे भिंतीसमोर उभे राहतात.

"आंतोन, म्हजी तलवार तुज्यापेक्षां काळी दिसता."

"मास्तर, तुमकां चश्मो नवो जाय."

यंदा मला राहवलं नाही. इतकी वर्षं ती चूक दर पावसाळ्यात भिंतीतून बाहेर येऊन माझ्याकडे बघते, आता हातात बळ आहे तोवर ती निस्तरावी असं वाटलं. मी म्हटलं, "मास्तर, हा वरचा थर मी खरवडतो. नवा चुना घालून, फक्त दोन हातांचा, स्वच्छ सां मिगेल काढून देतो. माझ्या मनाला शांती मिळेल."

आंतोन माझ्याकडे बघतच राहिला. मास्तरांनी काठी उचलली आणि तिचं टोक माझ्या छातीवर टेकवलं.

"दत्ताराम, त्या हातांक हात लायशी," ते म्हणाले, "जाल्यार सुलभाक परत घरा व्हरीन."

मी सुलभाकडे बघितलं. ती पिशवी उचलून वडिलांच्या शेजारी जाऊन उभी राहिली होती.

"बरं," मी म्हटलं. "नाही खरवडत."